कोट कुणाचा

फोन बहुधा रात्री नऊनंतर येतो. दुसऱ्या दिवशी अकराला फोटो ठरलेला असतो, कपाट उघडं असतं, हँगर सरकवल्याचे आवाज मला ऐकू येत असतात आणि पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला असतो. "मॅडम, निळा चालेल ना? ही म्हणते पांढरा. पांढऱ्यात मी जाड दिसतो का हो?" हे गृहस्थ भूलतज्ज्ञ आहेत. रोज चार-पाच जणांना निजवून सुखरूप जागं करतात, आणि त्यांना शर्ट ठरवता येत नाहीये.

मी एकच विचारते, "उद्या फोटो नसता तर काय घातलं असतंत?"

जरा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग एखादा शर्ट भीत भीत पुढे येतो. "तसा एक आहे, पण जुना आहे. कॉलर मऊ पडलीय." तोच आणा, म्हणते. आणखी दोन आणा, पण तो आणाच. इस्त्री करून, हँगरवर आणा. घडी घालून पिशवीत कोंबू नका, आणि जमलं तर अंगात घालूनही येऊ नका.

अंगात घालून का नको, हे पटकन पटत नाही. कडक इस्त्रीचा शर्ट घालून माणूस गाडीत बसतो आणि वरून पट्टा ओढतो. अर्ध्या तासानं माझ्या दारात उभा राहतो तेव्हा छातीवरून तिरकी चुणी गेलेली असते. ती उजव्या खांद्यावरून डावीकडे उतरली असेल तर साहेब स्वतः गाडी चालवत आले, डाव्या खांद्यावरून उजवीकडे असेल तर शेजारी बसून आले. पाठीवर सॅक अडकवून दुचाकीवरून आलेल्यांच्या दोन्ही खांद्यांवर घामाचे पट्टे. रिक्षानं आलेला माणूस त्यातल्या त्यात बरा, फक्त केसांचं मातेरं झालेलं असतं.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात पोर्ट्रेटं काढते. आधी लग्नंही काढायची, ती माझ्या गुडघ्यांनी सोडायला लावली. आता येतात ते वकील, डॉक्टर, सीए, कंपन्यांतली माणसं, मधूनच एखादा कवी, ज्याला मलपृष्ठावर विचारमग्न दिसायचं असतं. कवींना मी हनुवटीखाली हात घेऊ देत नाही. मराठी साहित्याला माझं तेवढंच योगदान.

धंदा घरचाच. अण्णांचा स्टुडिओ कराडात होता, एका दुमजली घराच्या खालच्या खोलीत. मागच्या पडद्याआड एक कोपरा होता, त्याला अण्णा 'मेकप रूम' म्हणायचे. एक माणूस जेमतेम उभा राहील एवढा. तिथं पारा उडालेला आरसा, सुतळीनं बांधलेला कंगवा (न बांधलेले आधीचे तीन गेले होते), पावडरचा डबा आणि खिळ्याला कोट.

कोट काळा, टेरीवूलचा, बेचाळीस छातीचा. तो कुणाच्याच मापाचा नव्हता, म्हणून सगळ्यांना व्हायचा. बारीक पोरगं आलं की अण्णा मागून कोटाचा घोळ मुठीत धरायचे आणि त्याला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. पुढून बघावं तर शिंप्यानं अंगावर शिवलाय असं वाटे. एकदा मार्केट यार्डातल्या एका अडत्याच्या पोटापुढं कोटानं हात टेकले, तेव्हा अण्णांनी ब्लेडनं पाठीची शिवण अर्धी उसवली. फोटो झाला, अडत्या गेला, शिवण घालायची राहिली ती राहिलीच. फोटो पुढनं निघतोय, पाठ कोण बघतंय, हे अण्णांचं उत्तर. कोटाखाली कुणाचं धोतर, कुणाचा पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, कुणाची शाळेची खाकी चड्डी. कोटावर तयार गाठीचा, इलॅस्टिकचा टाय. टाय दोन होते, एक लाल आणि एक हिरवा. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत दोन्ही एकाच राखाडी रंगाचे यायचे, तरी प्रत्येक गिऱ्हाईक दोन्ही लावून बघून मगच ठरवायचं.

अण्णांचा कॅमेरा याशिका, वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा. त्यात 120 चा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो. एका गिऱ्हाइकाला एक फ्रेम, फार तर दोन. त्यामुळे सगळी मेहनत खटका दाबायच्या आधी. "पाव्हणं, हनुवटी वाईच खाली. डोळं हिकडं. आता श्वास सोडा." माणसानं श्वास सोडला की खांदे आपोआप उतरतात आणि कोटाची कॉलर मानेला येऊन बसते. मी आज एका माणसाचे ऐंशी-ऐंशी फोटो काढते, पण खांदे उतरवायला अजून तेच सांगते. कोट घालून बसणाऱ्याला कोटाची मागची शेपटी बुडाखाली घेऊन बसायला लावायचं, म्हणजे खांद्यावर पोक येत नाही, हेही अण्णांचंच. पुढे ते बाहेरच्यांच्या पुस्तकांत वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली चोरी झाल्यासारखं वाटलं होतं.

रंगांबद्दल अण्णा बायकांना सांगायचे, रंग सांगू नका, गडद की फिका तेवढं सांगा. लालभडक साडी आणि हिरवेगार काठ, डोळ्याला केवढा फरक, पण फोटोत दोन्ही एकमेकांत बुडून जायचे. हौसेनं नेसून आलेली नवरी फोटो बघून हिरमुसायची. अण्णा स्वतः साडीकडे डोळे बारीक करून, जवळजवळ मिटून बघायचे. तसं पाहिलं की रंग जातो आणि उजेड-अंधार तेवढा उरतो.

आमच्या माजघरात पणजीचा फोटो होता. तिच्या कपाळावर काळाकुळकुळीत, रुपयाएवढा टिळा. घरात पंढरीची वारी होती, त्यामुळे कितीतरी वर्षं मी समजत होते की पणजी बुक्का लावायची. पुढे धंद्यात पडल्यावर उलगडा झाला. तो बुक्का नव्हता, कुंकूच होतं. जुन्या काचांना आणि फिल्मला लाल रंग दिसतच नसे. जे लाल ते काळं आणि जे निळं ते जवळजवळ पांढरं. 1851 साली ओल्या काचेची पद्धत निघाली, 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली, भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे लोक तिथं कॅमेरा घेऊन उभे राहिले. त्या काळात समोरचा माणूस निळी पगडी घालून आला की ती पांढरट होणार आणि लाल पागोटं काळं पडणार, हे धरूनच काम करावं लागे. सगळे रंग सारखे ओळखणारी फिल्म सर्रास वापरात यायला पुढे विसावं शतक उजाडलं. म्हणजे 'फोटोला कुठला रंग घालू' हा प्रश्न नवा नाही, फक्त त्याचं उत्तर दर पन्नास वर्षांनी बदलतं.

आजच्या कॅमेऱ्याचे नखरे वेगळे. त्याला लाल दिसतो, पण झेपत नाही. भडक लाल कुडता घातला की त्यातल्या चुण्या आणि वीण नाहीशी होते आणि मानेखाली लाल डाग उरतो. बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट असला तर अंगावर इंद्रधनुषी लाटा येतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की दिसतात ना, तशा. एक जाळी कापडाची, दुसरी कॅमेऱ्याच्या सेन्सरची, त्यांचं जुळत नाही. पोपटी शालू नेसलेल्या बाईंच्या हनुवटीखाली हिरवी झाक चढते. निळीतनं काढलेला पांढराशुभ्र शर्ट फ्लॅशखाली पांढरा येत नाही, निळसर येतो. हल्लीच्या कपडे धुण्याच्या पावडरींत कपडा उजळ दिसावा म्हणून जे घातलेलं असतं, ते फ्लॅशमध्ये चमकतं आणि त्यात भर घालतं.

आणि जर. जरीनं मला जेवढं रडवलंय तेवढं कुणी नाही. सुरुवातीला एका प्राचार्यबाईंचा फोटो काढला होता. निवृत्तीच्या दिवसासाठी खास घेतलेली पैठणी, पदर खांद्यावर घड्या घालून नीट लावलेला. मी समोरून झगझगीत फ्लॅश टाकला. फोटोत पदराची अर्धी जर पांढरीफटक, अर्धी काळी. बाई म्हणाल्या, "अगं, माझा पदर जळल्यासारखा दिसतोय." जळल्यासारखाच दिसत होता. तेव्हा मला कळलं नव्हतं की जर हे कापड नाही, आरसा आहे. तिच्यावर उजेड टाकायचा नसतो. तिच्यासमोर मोठं, पांढरं, मऊ उजेडाचं काहीतरी धरायचं, म्हणजे ती ते बघते आणि तेच आपल्याला दाखवते. आता पैठणी आली की मी चार बाय सहा फुटांची पांढरी चौकट पदराच्या बाजूला आडवी उभी करते, आणि बाईंना सांगते की ही तुमच्यासाठी नाही, पदरासाठी आहे.

रंगांची नावं मात्र मी जुनीच वापरते. चिंतामणी, आमसुली, वांगी, डाळिंबी, मोरपंखी. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांना हे रंग जसे मान देतात तसे फिके पिस्ता-गुलाबी देत नाहीत, हे माझं मत. पंचविशीतल्या मुली 'टील' म्हणतात, 'वाइन' म्हणतात. मी 'चिंतामणी' म्हटलं की आईला फोन लावतात.

"गोरं येईल ना?" हा प्रश्न अजून संपलेला नाही, फक्त तो आता कुजबुजत विचारतात. अण्णांकडे तो उघड विचारला जायचा, बहुतेक वेळा मुलीच्या वडिलांकडून. अण्णा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं बारीक ठिपके देत बसायचे. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल, तिथं कागदावर उजळ. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर. मी ते करत नाही. चट्टा, पुटकुळी काढून टाकते, कातडीच्या रंगाला हात लावत नाही. पण अण्णांना नावं ठेवायची माझी हिंमत होत नाही, कारण त्या फोटोवर त्या मुलीला कुणी बघायला येणार की नाही हे ठरत होतं, आणि माझ्याकडे येणाऱ्यांचं फार तर प्रोफाइल ठरतं.

बाकीची तयारी सांगते, पण ती कुणी ऐकत नाही. केस आठवडाभर आधी कापा, आदल्या दिवशी नको. ताज्या कापलेल्या केसांखाली कानामागं जी पांढरी पट्टी निघते तिला ऊन लागायला चार दिवस हवेत. कलप तीन-चार दिवस आधी, नाहीतर कपाळाच्या कडेला काळी किनार. भुवया त्याच सकाळी कोरून येऊ नका, लाल दिसतात. उन्हाचं क्रीम थापून येऊ नका, फ्लॅशखाली तोंड पिठात बुडवल्यासारखं होतं. चष्मा रोजचा असेल तर चष्मा हवाच, काचांतली चमक घालवणं हे माझं काम. खिशातलं पेन, मोबाइल, किल्ल्या, गळ्यातली ओळखपत्राची दोरी बाहेर. पांढऱ्या शर्टाखालचं बाह्यांचं बनियन बाहेरून दिसतं, तेव्हा त्याचा विचार घरी करा.

एक वर्ग असा आहे की त्याला कपड्यांबद्दल काही सांगावंच लागत नाही. भावी नगरसेवक. पांढरा खादीचा किंवा लिननचा शर्ट, खळ एवढी की माणूस बसला तरी शर्ट उभाच राहावा. त्यावर जॅकेट. बोटांत तीन अंगठ्या. मनगटावर घड्याळाच्या जोडीला लाल धागे. दोन पोझ ठरलेल्या, एक हात जोडून आणि एक फोन कानाला लावून. पांढऱ्या शर्टातला माणूस मी कधीच पांढऱ्या पडद्यापुढे उभा करत नाही, पण इथं फोटो कापून फ्लेक्सवर लावायचा असतो आणि कापणारा मुलगा घाईत असतो. एकदा आमच्याच चौकात एक फ्लेक्स लागला, त्यात साहेबांचा एक खांदा आभाळात विरघळला होता. फोटो माझा होता. मी दोन महिने त्या चौकातून गेले नाही.

अण्णांच्या कोटाकडे परत येते.

1984-85 ची गोष्ट असेल. मी शाळेतून येऊन स्टुडिओत बसायची, पावत्या फाडायची. एक मुलगा आला. वसतिगृहात राहून बी.ए. झालेला, निकाल नुकताच लागलेला. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पडद्यामागे गेला आणि बाहेर आला तो निळ्या कोटात. नवा, स्वतःचा शिवलेला. शिंपी बहुधा कोट शिवणारा नव्हता. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या, एक खांदा वर, एक खाली, कॉलर मानेपासून सुटलेली. अण्णांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "कोट जरा ढगळा झालाय. आपला हाय बघ आत, तो घाल. चिमटं लावून देतो, फस्क्लास बसंल."

तो म्हणाला, "नको. दुसऱ्याचा कोट नको."

उद्धटपणा नव्हता त्यात. पण अण्णा गप्प झाले. त्यांनी टाचण्या घेतल्या, बाही आतल्या बाजूनं दुमडून टाचली, सुटलेल्या कॉलरच्या मागं कापसाचा बोळा बसवला, आणि एकाच्या जागी तीन फ्रेम घेतल्या. बाबासाहेबांचा फोटो तोवर मी शेकडो वेळा पाहिला होता, आमच्या शाळेतही होता. पण तो कोट कोट म्हणून मी पाहिला नव्हता. ज्या माणसांना कुणी चांगला कपडा अंगावर घालू देत नव्हतं, त्यांच्या घरात भिंतीवर कोटातला माणूस असणं म्हणजे काय, आणि त्या घरातला पहिला पदवीधर पोरगा फोटोला कोट का शिवतो, हे मला त्या वयात कळलं असं मी म्हणणार नाही. अण्णांना कळलं असावं. त्या मुलाकडून त्यांनी एकाच फ्रेमचे पैसे घेतले, आणि तो गेल्यावर आमच्या कोटाची पाठ बरेच दिवस राहिलेली ती शिवून घ्यायला मला शिंप्याकडे पाठवलं. शिंपी दुकान बंद करून गावाला गेला होता. ती शिवण उसवलेलीच राहिली.

त्या मुलाच्या फोटोवरून मी माझ्यापुरता एक सिद्धांत बांधला. कपडा बेतलाय कसा हे दुय्यम, तो त्या माणसाचा आहे का, हे आधी. चेहरा ते लगेच सांगतो. भाड्याच्या, उसन्या, काल घेतलेल्या कपड्यात माणूस आपल्याच अंगात पाहुण्यासारखा बसतो. रात्री नऊच्या फोनवर मी विचारते तो प्रश्न यातूनच आलेला. बावीस वर्षं सिद्धांत बरा चालला. परवापरवा तो एका ब्लेझरनं मोडला.

हिंजवडीकडच्या एका कंपनीत एका दिवसात चौसष्ट जणांचे फोटो काढायचे होते. माणशी सहा मिनिटं. मीटिंगच्या खोलीत टेबल भिंतीला लावून मी पडदा बांधला. कंपनीनं सगळ्यांना आधी पत्रक पाठवलं होतं. पुरुषांनी कोट, महिलांनी ब्लेझर, 'पारंपरिक पोशाख टाळावा'. कर्मचारी विभागातल्या तरुण मुलाला मी म्हटलं, अरे, 1885 च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचा फोटो काढलाय, आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. तिघी शेजारी बसल्यात, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यांत. डॉक्टर व्हायला आल्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. तो म्हणाला, "हो मॅडम, पण वेबसाइटवर सगळे युनिफॉर्म दिसायला हवेत." त्याचंही खरं होतं. त्याला वरून तेच सांगितलं होतं.

नव्या कोटांचा दिवस होता तो. नव्या कोटाच्या मागच्या चिरेवर दुकानातून दोऱ्याची फुली घातलेली असते, खिसे शिवलेले असतात, बाहीवर कंपनीचं लेबल टाचलेलं असतं. हे सगळं काढून मग कोट घालायचा असतो, पण सांगणार कोण? कित्येक जण लेबल मुद्दाम ठेवतात, ब्रँड दिसावा म्हणून. माझ्याकडे शिवण उसवायचं छोटं हत्यार असतं. दुपारपर्यंत मी अकरा फुल्या उसवल्या होत्या.

बारावा नंबर हिशेब विभागातल्या एका बाईंचा. पन्नाशीच्या पुढच्या, कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हापासूनच्या. रोज साडीत येणाऱ्या. आज अंगात नेव्ही ब्लू ब्लेझर, आत मुलाचा पांढरा शर्ट आणि खाली फुलाफुलांची सलवार. मला एकदम कोटाखालची धोतरं आठवली. मी फुलीला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ती राहू दे," कानात म्हणाल्या. "परत द्यायचाय. सात दिवसांत घेतात."

बाहीत हात घालून त्यांनी टॅग दाखवला. 5,499 रुपये, प्लॅस्टिकच्या दोऱ्यानं बाहीच्या आतल्या शिवणीत अडकवलेला. "एका फोटोसाठी एवढे घालवायचे का गं? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझ्या. मी पुन्हा कुठं घालणार आहे?"

मी काय बोलणार? टॅग गुंडाळून बाहीत वर सरकवला, त्यांना स्टुलावर बसवलं. आणि सिद्धांत बरोबर होता: बाई लाकूड झाल्या. मान ताठ, खांदे कानाला लागलेले, ओठ मिटलेले, टॅगचा कोपरा मनगटाला टोचतोय ते चेहऱ्यावर दिसतंय. श्वास सोडा म्हटलं, सोडला, खांदे तिथंच. सहातली चार मिनिटं गेली. शेवटी म्हटलं, निदान बाही तरी नीट करू, शर्टाचा अर्धा इंच कफ दिसू दे. म्हणून बाही ओढली, आणि टक् असा बारीक आवाज झाला.

टॅग जमिनीवर. दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"मेले," बाई म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. आधी हात तोंडावर ठेवून, मग तो काढून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दाराशी उभा असलेला तो तरुण मुलगा आत डोकावला. मी कॅमेऱ्यामागे गेले आणि खटका दाबत सुटले.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना सांगितलं की साडीतला एक फोटो काढू, कंपनीला नको असला तरी तुम्हाला राहील. संध्याकाळी त्यांना कुणाकडे तरी डोहाळजेवणाला जायचं होतं, साडी पिशवीत होतीच. चिंतामणी रंगाची इरकल, धुऊन धुऊन अंगासारखी झालेली. मी तिला बघूनच खूश झाले. वीस फ्रेम घेतल्या, निवांत, खिडकीच्या उजेडात. माझ्या हिशेबानं दिवसाचा उत्तम फोटो तोच होणार होता.

रात्री घरी मोठ्या पडद्यावर दोन्ही उघडले. इरकलीतला फोटो चांगला होता. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. साडी त्यांची होती, बसणं त्यांचं होतं, आणि चेहरा मात्र भिंतीवरच्या तसबिरीसारखा, जसा लग्नघरातल्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या बायकांचा असतो. कॅमेऱ्यासमोर साडीत कसं उभं राहायचं हे त्या पन्नास वर्षांत इतकं शिकल्या होत्या की आता त्यांना ते विसरता येत नव्हतं. आणि ब्लेझरमधल्या सात फ्रेम: केस थोडे विस्कटलेले, डोळे ओले, एक खांदा खाली, कॉलर सुटलेली. परत द्यायच्या, दुसऱ्याच्या कोटात ती बाई होती. अख्खी. मी बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बसले. अण्णा असते तर डोळे बारीक करून काहीतरी म्हणाले असते. मला सुचलं नाही.

कंपनीनं ब्लेझरचाच लावला, अर्थातच.

टॅगचं सांगायचं राहिलं. प्लॅस्टिकचा दोरा तुटला तो गाठ मारण्याजोगा उरला नव्हता. पण माझ्या सामानात तंगूस असतो, पडदा टांगायला, मासे धरायचा असतो तोच, पारदर्शक. दुपारी त्या कपडे बदलत होत्या तेव्हा मी कोपऱ्यात बसून सुईनं तंगुसाचा तुकडा टॅगमधून आणि शिवणीतून ओवला, गाठ आत ढकलली आणि टोक लायटरनं वितळवून त्याला मूळच्यासारखी टोपी केली. हे बरोबर की चूक यावर मी तेव्हा विचार केला नाही, नंतरही फारसा केलेला नाही.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. पैसे परत मिळाले होते. "काउंटरवरच्या मुलीनं टॅग दोनदा ओढून बघितला गं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोटात गोळा."

मी म्हटलं, ओढू दे. वीस किलोचा मासा पेलणारा तंगूस आहे तो.